दोन नंबरचं एक्झॉस्ट गाइड पुन्हा पुन्हा जातंय? आधी रॉकर कुठे घासतोय ते बघा

गाइड म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी, रॉकर म्हणजे त्या दांडीला वरून दाबणारा हात. तक्रार अशी. तीन सिलिंडरचं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर, पाच-सात मिनिटांनी धूर कमी, पण टॅपेटची टिकटिक दिवसभर. टॅपेट सेट केले (रॉकर आणि व्हॉल्व्हमधला गॅप जुळवला) की दोन दिवस जरा शांत, मग पुन्हा टिकटिक. हेड उघडलं की दोन नंबरच्या एक्झॉस्टचं गाइड ढिलं निघतं, बाकीची पाच ठीक. गाइड बदला, व्हॉल्व्ह बदला, सीट मारा (व्हॉल्व्ह टेकतो ती कड कापून ताजी करा), बसवा. काही महिन्यांनी ट्रॅक्टर परत दारात.

ट्रॅक्टर काटोलकडच्या एका संत्रा बागायतदार काकाजींचा. त्यांच्याकडे नांगरणी कमी, फवारणी जास्त. बहाराच्या दिवसांत मागे ब्लोअर लावायचा, पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर धरायचा आणि बागेच्या ओळीओळीने तासन्‌तास फिरायचं. अशा ट्रॅक्टरला महिन्यांचा हिशेब फसवा असतो, तासांचा मीटर बघावा लागतो. कंपनीचं मूळ गाइड कित्येक वर्षं चाललं होतं. पहिल्यांदा बदललं ते ९०० तास टिकलं. दुसऱ्यांदा बदललं ते ५००. तिसरं काम नागपूरजवळच्या वाडीला माझ्याच शेडमध्ये झालं, आणि ते २८० तासांत परत आलं.

"भाऊ, तुमच्याकडचं तर सगळ्यात लवकर गेलं," काकाजी म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं.

आपल्याकडे अशा वेळी संशयितांची यादी तयारच असते. नागपूरचा उन्हाळा, बागेतली धूळ, ऑइल, डुप्लिकेट गाइड. शेजारच्या गॅरेजवाल्याने येऊन निकालही देऊन टाकला: "पंचेचाळीसमध्ये इंजिन चालून राह्यलं, गाइड नाही जाईन त काय होईन?" पण उन्हाचं आणि धुळीचं एक असतं, ते भेदभाव करत नाहीत. सहाही गाइडं एकाच हेडमध्ये आहेत, एकच पाणी, एकच ऑइल, एकच फिल्टर. त्यातलं एकच जात असेल तर कारणही त्या एकाच्याच आसपास असणार. गाइडच्या मालाबद्दल म्हणाल, तर तिन्ही वेळा गाइड वेगवेगळ्या दुकानातून आलं होतं.

या वेळी गाइड ठोकून काढण्याआधी ते मोजलं. हे मी आधीच्या वेळी केलं नव्हतं. दांडी ८ मि.मी.ची. गाइडचं भोक मधोमध जवळजवळ नव्यासारखं. वरच्या तोंडाशी रॉकरच्या आडव्या दिशेने ८.०७, आणि रॉकरच्या रेषेत ८.२१. म्हणजे भोक गोल राहिलंच नव्हतं, कोयीसारखं लांबट झालं होतं. खालच्या तोंडाशीही तसंच लांबट, फक्त झीज समोरच्या बाजूला. वर एका अंगाला आणि खाली विरुद्ध अंगाला झिजलेलं गाइड दिसलं की समजायचं, व्हॉल्व्हला कोणीतरी वरून ढकलतंय आणि तो गाइडमध्ये तिरपा होऊन चालतोय. उष्णतेने किंवा धुळीने झीज झाली असती तर चहूबाजूंनी झाली असती. रॉकरच्या रेषेतच झाली, म्हणजे ढकलणारा रॉकरच.

आता रॉकर व्हॉल्व्हला आडवं का ढकलेल? त्याचं काम तर खाली दाबायचं आहे.

रॉकर शाफ्टभोवती फिरतो, त्यामुळे त्याचं टोक कंसात जातं. व्हॉल्व्ह मात्र सरळ रेषेत खाली जातो. या दोघांचा मेळ कधीच पूर्ण बसत नाही. रॉकरचं नाक व्हॉल्व्हच्या टोकावर थोडं सरकणारच. किती सरकायचं, हे शाफ्टच्या मानाने व्हॉल्व्हचं टोक किती उंच आहे त्यावर ठरतं. शाळेतली भूमिती इथे उपयोगी पडते. समजा शाफ्टच्या मध्यापासून नाकापर्यंत ४० मि.मी. आहे आणि लिफ्ट (व्हॉल्व्ह उघडतो ते अंतर) १० मि.मी. निम्म्या लिफ्टला रॉकरची रेषा व्हॉल्व्हच्या दांडीशी बरोबर काटकोनात आली, तर रॉकर ५ मि.मी. त्या रेषेच्या वर असतो आणि ५ मि.मी. खाली जातो. मग नाकाची घसर होते जेमतेम ०.३ मि.मी., आधी बाहेर आणि मग तितकीच आत. हाच काटकोन व्हॉल्व्ह पूर्ण बंद असताना आला, म्हणजे सगळा १० मि.मी.चा प्रवास एकाच बाजूला पडला, तर घसर होते १.२७ मि.मी. चौपट, आणि तीही सगळी एकाच दिशेला. लिफ्ट तीच, कॅम तोच.

एक बारकावा. साध्या रॉकरचं नाक गोल पोटाचं असतं. तेव्हा ४० मि.मी. मोजायचे ते शाफ्टच्या मध्यापासून त्या गोलाईच्या केंद्रापर्यंत, व्हॉल्व्हला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत नाही. रोलर रॉकर असेल तर रोलरच्या पिनच्या मध्यापर्यंत. डोळ्याने रॉकरची वरची कड बघून "काटकोनात दिसतोय की" म्हणणारे इथेच फसतात. रॉकरचं अंग कसंही वाकडंतिकडं ओतलेलं असू शकतं, मोजायची असते ती दोन केंद्रांमधली रेषा.

आता आमच्या ट्रॅक्टरकडे. हेड पालथं-उलथं करून काही दिसेना. मग सगळ्यात साधी गोष्ट केली: सगळे व्हॉल्व्ह बसवले आणि सहाही टोकांवर एक सरळ स्टीलची पट्टी आडवी ठेवली. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्टची उंची सारखीच असते, म्हणून हे चालतं. तुमच्या इंजिनात वेगळी असेल तर इनटेक-इनटेक आणि एक्झॉस्ट-एक्झॉस्ट असं जुळवा. पट्टी सपाट बसलीच नाही. दोन नंबरच्या एक्झॉस्टवर तराजूसारखी डुलायला लागली. एका बाजूला दाबली की दुसऱ्या बाजूने तिच्याखालून शेडच्या दारातला उजेड दिसायचा. माझ्याकडचा पोरगा खाली वाकून बघत होता. म्हणाला, "उस्ताद, अर्धा सूत वर आहे हा." डेप्थ व्हर्नियर लावला. १.६ मि.मी. पोराचा डोळा चांगला आहे.

आणि मग डोक्यात सगळं एकदम लागलं.

गाइड बदललं की सीट मारावीच लागते, कारण सीट कटरचा पायलट (त्याला मध्य देणारी दांडी) गाइडमध्ये बसतो. नवं गाइड म्हणजे नवा मध्य, आणि सीट त्या मध्याशी जुळली नाही तर व्हॉल्व्ह गळणार. म्हणजे प्रत्येक गाइडमागे एक सीट कटिंग. प्रत्येक कटिंगला व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा आत बसतो, आणि जितका आत बसतो तितकंच त्याचं टोक रॉकरकडे वर येतं. ४५ अंशांच्या सीटवरून ०.१ मि.मी. थर काढला तर व्हॉल्व्ह सरळ रेषेत ०.१४ आत जातो, त्यामुळे "थोडीशीच मारली" हे वाटतं तितकं थोडं नसतं. टोक वर आलं की रॉकरचा काटकोन बिघडतो, घसर वाढते, गाइडवर आडवा भार वाढतो, गाइड लवकर जातं. मग आपण पुन्हा गाइड बदलतो आणि पुन्हा सीट मारतो. ९००, ५००, २८०. प्रत्येक दुरुस्ती पुढच्या बिघाडाची तारीख अलीकडे आणत होती, आणि त्यातली शेवटची माझ्या हातची होती.

वरचं ४० आणि १० चं उदाहरण घेतलं, तर १.६ मि.मी. वर आलेलं टोक घसर ०.३ वरून साधारण ०.५५ वर नेतं. नुसतं हेच असतं तर गाइड इतक्या लवकर गेलं नसतं, असं मला तेव्हाही वाटलं. म्हणून रॉकर हातात घेतला. तीन वेळा काम झालं, तीन व्हॉल्व्ह नवे आले, पण रॉकर कोणीच बदलला नव्हता. नाकाच्या पोटाला नख फिरवलं तर मधोमध खड्डा. उथळ, पण नख अडकेल इतका. जुन्या व्हॉल्व्हने स्वतःची बैठक त्यात कोरून ठेवली होती. आता नव्या व्हॉल्व्हचं टोक वेगळ्या उंचीवर, म्हणजे ते खड्ड्यात बसत नव्हतं, त्याच्या कडेवरून खड्ड्यात उतरत होतं आणि परत चढत होतं. गोल पोटावरून सरकणं वेगळं आणि कडेला अडकून ढकललं जाणं वेगळं.

टॅपेटच्या न थांबणाऱ्या टिकटिकीचं उत्तरही याच खड्ड्यात होतं. गॅप मोजायचं फिलर गेज सपाट पट्टी असते. ती खड्ड्याच्या दोन काठांवर टेकते, पुलासारखी. तुम्ही ०.३० चा फिलर घालून घट्ट-सैल बघता, समाधान होतं, लॉकनट आवळता. प्रत्यक्षात खड्ड्याच्या तळाशी गॅप असतो ०.३० अधिक खड्ड्याची खोली. अशा रॉकरला शंभरदा टॅपेट सेट करा, आवाज जाणार नाही. कोणी म्हणेल फिलर जरा कमी घालू, आवाज बंद होईल. होईल कदाचित, पण नाक सरकून कडेवर आलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसणार नाही आणि जळेल. ते करू नका. आवाज बंद करण्यासाठी गॅप मारणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी बचत आहे.

हेड न उतरवता हे कळलं असतं का? कळलं असतं, आणि हेच मला जास्त खटकतं. रॉकर कव्हर काढलं की सहा ॲडजस्टर (गॅप ठरवणारे स्क्रू) एका ओळीत दिसतात. पाचांचे लॉकनटच्या वर आलेले आटे सारखे होते. दोन नंबर एक्झॉस्टचा स्क्रू एक आटा जास्त वर होता. व्हॉल्व्हचं टोक वर आलं की रॉकरची दुसरी बाजू खाली जाते आणि गॅप राखायला स्क्रू वर घ्यावा लागतो. मी स्वतः त्या इंजिनाचे टॅपेट दोनदा सेट केले होते. पाना लावला, फिलर घातला, पण ओळीकडे पाहिलं नाही.

आता तपासणी कशी करायची ते सांगतो, इंजिन बांधताना, हेड बसवलेलं पण कव्हर उघडं असताना. मार्किंग ब्लू (खूण उमटवायची निळी शाई) असेल तर उत्तम, नाहीतर शाळेच्या दुकानातला काळा परमनंट मार्कर. व्हॉल्व्हचं टोक पेट्रोलने पुसा, रंगवा, वाळू द्या. जमल्यास मूळ स्प्रिंग काढून हलकी स्प्रिंग घाला, इंजिन हाताने फिरवायला सोपं जातं आणि डायल गेजही नीट लागतो. टॅपेट बरोबर गॅपला ठेवा. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन सावकाश पूर्ण दोन फेरे फिरवा. एका फेऱ्यात प्रत्येक व्हॉल्व्ह उघडेलच असं नाही. स्टार्टर मारू नका. रॉकर उचला आणि खूण बघा.

खुणेत लोक बघतात ती मध्यावर आहे का. मीही वर्षानुवर्षं तेच बघत होतो. आधी बघायची तिची रुंदी. अरुंद पट्टा म्हणजे घसर कमी, उंची बरोबर. रुंद पट्टा म्हणजे उंची चुकली, मग तो मध्यावर असला तरी. पट्टा अरुंद आहे पण मध्यापासून थोडा बाजूला आहे, तर तो शाफ्ट पुढे-मागे असण्याचा प्रश्न, आणि दांडीच्या टोकाच्या मधल्या भागात असेल तर मी तसाच सोडतो. रुंद पट्टा "मध्यावर आणायच्या" नादात उंची बिघडवून ठेवणारे मी पाहिले आहेत. पट्टा तिरका पडला असेल तर शाफ्टवरचं बुश झिजलंय आणि रॉकर डुलतोय, आधी ते बदला, नाहीतर पुढचं कुठलंच मोजमाप खरं येणार नाही.

मग डायल गेज रिटेनरवर (स्प्रिंग धरणाऱ्या टोपीवर) लावून पूर्ण लिफ्ट मोजा, तिच्या निम्म्यावर इंजिन थांबवा, आणि शाफ्टच्या मध्यापासून नाकाच्या केंद्रापर्यंतची रेषा दांडीशी काटकोनात येते का ते बघा. जागा असेल तर छोटा गुण्या लावता येतो. नसेल तर कव्हरच्या बाजूने मोबाइलवर सरळ समोरून फोटो काढा आणि स्क्रीनवर पट्टी ठेवा. यात एक-दोन अंशांची चूक होते, पण तीन-चार अंशांचा बिघाड लपत नाही.

उन्हाळ्यात करत असाल तर एक नागपुरी सूचना. हेड उन्हात टेम्पोतून आलं की लगेच व्हर्नियर लावू नका. १०० मि.मी. कास्ट आयर्न ३० अंशांनी जास्त तापलेलं असलं तर ०.०३ मि.मी. वाढतं. उंचीच्या तपासणीत ते चालून जातं, गाइडच्या क्लिअरन्समध्ये नाही. तिथे सगळा खेळच पाच-सात शतांशांचा असतो. हेड रात्रभर सावलीत राहू द्या, सकाळी मोजा. आणि कूलर समोर ठेवून काम करत असाल तर ताजं बोअर केलेलं काहीही उघडं ठेवू नका. वाळ्याच्या ताट्यांचा तो दमट वारा आपल्याला छान लागतो, पण तेल न लावलेल्या बोअरवर रात्रीतून तांबूस गंज धरतो.

आता दुरुस्ती. इथे बरेच जण पुशरॉडकडे (कॅमची हालचाल रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांडीकडे) धावतात. थोडं थांबा. आपल्या ट्रॅक्टर आणि ट्रकच्या बहुतेक डिझेल इंजिनांत रॉकर शाफ्टवर असतात, आणि शाफ्ट हेडला बोल्ट केलेल्या स्टँडवर. शाफ्टची उंची ठरलेली. तिथे पुशरॉड लांब किंवा आखूड केला तरी फिरण्याचा मध्य हलत नाही. फक्त ॲडजस्टर वर-खाली होतो. स्टडवर गोळ्याने बसणारे रॉकर असतात त्यांत मात्र पुशरॉडची लांबी बदलली की रॉकरच वर-खाली होतो आणि सगळी भूमिती बदलते. परदेशी गाड्यांच्या व्हिडिओत दिसतं ते बहुतेक हेच, आणि ते बघून आपल्याकडचे लोक पुशरॉड कापायला निघतात.

हेडला फेस मारल्यामुळे (तळ घासून सपाट केल्यामुळे) भूमिती बिघडली, हाही एक लाडका आरोप. शाफ्ट हेडवर, व्हॉल्व्हही हेडमध्ये. हेडच्या तळातून ०.३ मि.मी. काढलं तर दोघं मिळून खाली येतात, त्यांचं आपसातलं नातं तेच राहतं. पुशरॉड तेवढा लांब झाल्यासारखा होतो आणि तो फरक ॲडजस्टर खाऊन टाकतो. कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि टॅपेट हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने गॅप स्वतः भरणारे) असतील तर गोष्ट वेगळी, तिथे ते ०.३ थेट टॅपेटच्या प्रीलोडमध्ये, म्हणजे आधीच दाबून ठेवलेल्या अंतरात, जातात. हायड्रॉलिक टॅपेटवाल्या यूसीई बुलेटचं हेड किंवा बॅरल खाली घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला पुशरॉडच्या खालच्या टोकालाच ॲडजस्टर होता, बोटाने रॉड फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, झालं काम.

मग स्टँडखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) टाकून शाफ्ट वर घ्यावा का? सगळेच व्हॉल्व्ह सारखे वर आले असतील तर हा रस्ता चांगला आहे. पण आमच्याकडे सहापैकी एकच वर होता. एकासाठी शाफ्ट उचलला तर पाचांची भूमिती बिघडणार. शिवाय शिमचं मला एक जुनं दुखणं आहे. काही वर्षांपूर्वी एका पिकअपच्या इंजिनाला स्टँडखाली दीड मिलीच्या शिम टाकल्या. पत्रा चांगला, माप चांगलं, बोल्टची भोकं बरोबर. वीस मिनिटांत वरून चिमणी ओरडावी तसा आवाज. शाफ्टला ऑइल एकाच स्टँडमधून वर येत होतं आणि त्या स्टँडखालच्या शिमला मी ऑइलचं भोकच पाडलं नव्हतं. शाफ्ट आणि चार बुश माझ्या खर्चाने. तेव्हापासून शिम कापायच्या आधी हेडवरचं ऑइलचं भोक शोधतो, त्यात हवा मारून बघतो, मगच पत्र्याला हात लावतो.

दुसरा पर्याय, व्हॉल्व्हचं टोकच घासून कमी करायचं. एक-दोन दशांश असेल तर ठीक. दीड मिली नाही. टोक कडक केलेलं असतं ते वरवरच. तो थर गेला की रॉकर आठवड्यात मऊ लोखंडात घर करतो. आणि टोक आखूड झालं की रॉकर रिटेनरला लागायला लागतो, तिथून कॉटर (रिटेनर अडकवणारी पाचर) सुटला तर व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर.

म्हणून मूळ जागीच गेलो. सीट वर आली होती तर सीट खाली आणायची. लेथवाल्याकडे दोन नंबर एक्झॉस्टची सीट बोअर करून इन्सर्ट (सीटची नवी कडी) बसवला. इन्सर्ट आवळूनच बसावा लागतो, त्यामुळे तो थंड करायचा आणि हेड कोमट करायचं. मे महिन्यात वाडीत थंड कुठे करणार? समोरच्या कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये पिशवीत बांधून रात्रभर ठेवला. सकाळी त्याने तो चिमट्याने आणून दिला आणि विचारलं, "हे कोणत्या फ्लेवरचं होय भाऊ?"

नवं गाइड आधी, रीमर मारून, मग त्याच्या मध्याने सीट. सीट मारताना दर काही फेऱ्यांनी व्हॉल्व्ह टाकून पट्टी लावत गेलो, डेप्थ मोजत गेलो, आणि बाकीच्यांच्या ०.१ मि.मी.च्या आत आल्यावर थांबलो. आधी मी सीट पूर्ण गोल दिसेपर्यंत मारायचो आणि उंची मोजायचोच नाही. सीट गाइडशी समकेंद्री आहे का, तेही डायल लावून बघा. ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त फरक येत असेल तर व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी बसताना वाकतो, आणि तेही गाइड खातं. झिजलेल्या पायलटवर मारलेली सीट अशीच असते.

उंची परत आली की स्प्रिंगही आपोआप आपल्या मापात आली. टोक १.६ वर होतं तेव्हा स्प्रिंगही तितकीच लांब पडली होती, म्हणजे बंद असतानाचा दाब कमी. त्यासाठी स्प्रिंगखाली कोणीतरी दोन शिम घातल्या होत्या, त्या काढल्या. हे विसरलात तर पूर्ण लिफ्टला स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकतील. तेवढ्यात बघून घ्या: पूर्ण उघडल्यावर वेटोळ्यांत मिळून दीडेक मिली जागा उरली पाहिजे, रिटेनर आणि गाइड-सीलमध्येही तेवढीच.

व्हॉल्व्ह पिस्टनच्या किती जवळ जातो, हे मात्र डिझेलला पेट्रोल इंजिनांच्या आकड्यांवरून ठरवू नका. इथे व्हॉल्व्ह हेडच्या तळापेक्षा किती आत बसायला हवा याचं माप कंपनीच्या सर्व्हिस बुकात असतं, ते पाळा. आमचा जुना व्हॉल्व्ह त्या मापाच्या बराच आत गेला होता. हिवाळ्यात हा ट्रॅक्टर सकाळी स्टार्ट व्हायला त्रास द्यायचा, असं काकाजी नंतर बोलता बोलता म्हणाले. व्हॉल्व्ह आत बसला की तिथे तेवढी पोकळी वाढते, कॉम्प्रेशन उतरतं. त्यासाठी कोणीतरी त्यांना नवी बॅटरी विकली होती.

रॉकर नवा घातला. जुन्याचं नाक बेंच ग्राइंडरवर हाताने सपाट करून देतो म्हणणारे बरेच भेटतील. खड्डा जातो, पण पोटाची गोलाई पण जाते, आणि सपाट नाक व्हॉल्व्हच्या टोकावर कडेनेच चालतं. गोलाई राखून फिक्स्चरवर घासून देणारा माणूस असेल तरच द्या. मला शोधत बसण्यापेक्षा नवा रॉकर स्वस्त पडला.

शेवटी पुन्हा मार्कर. पहिल्या वेळची खूण मी फोटो काढून ठेवली होती: रुंद पट्टा, शाफ्टच्या बाजूच्या कडेपर्यंत फासलेला. बंद असताना नाक तिथे टेकायचं आणि उघडताना व्हॉल्व्हला बाहेर ढकलत न्यायचं. गाइडच्या वरच्या तोंडाची झीज नेमकी त्याच बाहेरच्या बाजूला होती. आताची खूण मिलीमीटरभर रुंद, मध्याच्या किंचित बाहेर. सोडली तशीच. काकाजींना दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि विचारलं, "म्हंजे इतके दिवस आपण गाइडलेच शिव्या देऊन राह्यलो होतो काय?"

मागच्या बहाराची फवारणी संपल्यावर ट्रॅक्टर ऑइल बदलायला आला. मीटर बघितला, कामानंतर ६४० तास. कव्हर काढलं आणि आधी ॲडजस्टरची ओळ पाहिली. दोन नंबर एक्झॉस्ट ओळीत आहे. तीन नंबरचा एक्झॉस्ट मात्र बाकीच्यांपेक्षा अर्धा आटा वर दिसतोय. रॉकर उचलून नाकावर नख फिरवलं, अजून गुळगुळीत आहे. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि "३ एक्झॉस्ट, अर्धा आटा" असं लिहून ठेवलंय.